पाच रुपयांच्या नाण्यातला जांभळा धागा

मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर पाच रुपयांचं नाणं होतं आणि शेजारच्या खुर्चीत येवल्याच्या सिंधूबाई. नाण्याच्या कडेपासून मध्यापर्यंत एक जांभळा धागा रुतलेला. बाई सकाळच्या एसटीने आल्या होत्या. पंचवटीतल्या माझ्या घराची बेल आठ दिवसांत पहिल्यांदाच वाजली होती, त्यामुळे चहा मी जरा जास्तच टाकला होता.

"आमचे हे जाऊन वरीस झालं," त्या म्हणाल्या. "पैठणी विणायचे. लोकं म्हणतात, धागा त्यांनीच चिकटवला, लबाडी केली. खरं काय ते सांगा. नाणं लेकीला द्यायचं हाय. बाप लबाड होता म्हणून नाय देणार."

मी धातूंच्या टेस्टिंग लॅबमध्ये तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर सदोष नाणी तपासून देतो. नाणं पाडताना कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबतात. त्या ठशाला डाय म्हणतात. नेमक्या त्या क्षणी मध्ये धागा, तार, चिंधी असं काही आलं, तर तेही धातूत दाबलं जातं. याला स्ट्रक थ्रू म्हणतात. ती वस्तू आतच अडकून राहिली तर शौकीन मंडळी अशा नाण्यावर जीव टाकतात. साहजिकच, घरबसल्या अशी नाणी 'बनवणारे' कलाकारही कमी नाहीत.

मी यूव्ही टॉर्च मारला. धाग्याच्या दोन्ही बाजूंनी गोंदाची निळसर चमक आली. म्हणजे चिकटवलेला.

आणि मला आठवलं. हे नाणं मी पाहिलं होतं. नाशिकच्याच एका प्रदर्शनात तपासणीच्या टेबलाशी मी बसलो होतो, समोर ही लांब रांग. एक किडकिडीत माणूस आला. मी भिंग लावलं, रेशीम दिसलं, गोंद दिसला. "अहो, घरी चिकटवलंय हे. चला, पुढचे या." मागचे दोन-चार जण हसले. तो नाणं रुमालात गुंडाळून निघून गेला. दोन मिनिटांचंही काम नव्हतं.

तो तपासणारा मीच, हे बाईंना लगेच सांगायला हवं होतं. मी भलतंच विचारलं, "लोकं असं म्हणायला लागल्यावर प्रदर्शनांना जायचे का ते?"

"नाय. रविवारी नाण्याचे दोस्त जमायचे, तिथंबी जाणं सोडलं. मागावर बसायचं, जेवायचं, झोपायचं. माझ्याशीबी मोजकंच बोलायचे."

असे एकटे दिवस कसे जातात ते मला चांगलं माहीत आहे. माझ्या वाट्याला ते आपोआप आले होते, त्याच्या वाट्याला मी आणले होते.

"ताई, यात गोंद आहे," मी म्हणालो.

"आसंल की. जुना धागा निसटला होता ना."

"जुना?"

"एसटीच्या सुट्ट्या पैशांत आलं हे नाणं, तवा आत मळकट धागा होता. ह्यांनी धुतलं तर तुटून गेला. मग मागावरचा घेतला आन् सांधला. मागावर तार तुटली की सांधायची, हात शिवशिवतातच. तुटलेलं बघवायचं नाय त्यांना."

"मग हे तपासणाऱ्याला सांगितलं का नाही?"

"इचारलं का कुणी?"

मी चष्मा पुसला. मग म्हणालो, "हा धागा काढला तरच खाली काय आहे ते कळेल. काढू?"

त्यांनी स्क्रीनवरच्या धाग्यावर बोट ठेवलं. "त्यांच्या हातचं हाय," म्हणाल्या. आणि मग, "काढा."

गोंद विरघळवणारं ॲसिटोन लावलं, थांबलो, चिमट्याने रेशीम अलगद उचललं. खाली चर होता. अवजाराने खणलेल्या चराच्या काठावर धातू वर आलेला असतो. इथे काठ गोलसर, साफ. तळाशी धाग्याचा पीळ उमटलेला. मी स्क्रीनवरचं चित्र मोठं केलं.

सिंधूबाई पुढे वाकल्या. आयुष्यभर मागासाठी रेशमाच्या कांड्या भरलेली बाई. "ह्यो आमचा पीळ नाय. ह्ये जाडंभरडं सूत हाय. फडक्याचं."

कडेला सुताचं एक टोक अजून होतं, आणि त्याच्यावर धातू दाबून बसला होता. असं कुठल्याही गोंदाने जमत नाही.

"नाणं अस्सल आहे, ताई. हा चर टाकसाळीतच पडलाय. ते लबाड नव्हते." मग उरलेलंही बोलून टाकलं, "त्या दिवशी प्रदर्शनात टेबलाशी मी होतो."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याकडं आले. ज्यानं म्हटलं, त्यानंच पुसावं."

मी रिपोर्ट लिहिला. शेवटी लिहिलं, 'रेशमी धागा नंतर जोडलेला. फसवण्याचा हेतू नाही.' हेतू मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही, पण लिहिलं आणि खाली सही केली.

त्यांनी रेशमाचा तो तुकडा मागून घेतला. घरी पुन्हा बसवणार म्हणाल्या.

"पुन्हा कोणीतरी खोटं म्हणेल."

"म्हणू द्या. तुमचा कागद हाय ना."

रेशीम मी बरोबर ओळखलं होतं, माणूस नाही. आता कोणी नाणं पुढे केलं की आधी विचारतो, याला कोणाचा हात लागलाय का, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. घाई नसते. माझी वाट बघणारं कोणी नाही.