चपलेचा रबर

मालकांची जुनी मोटार मोहोळच्या वाटेवर तिसऱ्यांदा तापली, तेव्हा ज्याला स्कूटर धड स्टँडवर लावता येत नाही तोसुद्धा म्हणाला, "हेड गॅसकेट गेलं." मालक म्हणाले, "इंजिन उघडायचं असेल तर गाडी भंगारात." म्हणजे तिचा ड्रायव्हर, मीही. आठवीत शाळा सोडून गोंदियाहून आलेल्या विद्वानाला इथं दुसरी गाडी कोण देणार?

गॅरेजवाल्या चाचांनी इंजिनचं तेल पाहिलं. त्यात पाणी नव्हतं. मग रेडिएटरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. "चालू कर. गॅसकेट गेलं असंल तर इंजिनातला गॅस पाण्यात येऊन पिशवी फुगंल."

पिशवी लोंबकळतच राहिली. श्वास धरून मीच फुगलो होतो.

चाचांनी रेडिएटरचं झाकण उलटं केलं. आत निळ्या चपलेचा कापलेला रबर. वाफ आणि पाणी तिथूनच पळत होतं.

"हा शोध कुणाचा?"

"माझा, चाचा. जुना रबर फाटला होता."

"बरं झालं शाळा सोडलीस. नायतर विमानाला चप्पल लावली असतीस की."

मालकांना मात्र ते फोनवर एवढंच म्हणाले, "झाकण खराब होतं, साहेब. इंजिन ठीक हाय. ड्रायव्हरनं वेळेवर आणली गाडी."

माझ्या एका पायात तेव्हा त्याच जोडातली दुसरी निळी चप्पल होती. चाचांनी ती पाहिली होती.