आभाळाच्या डोळ्यात हळद

पिराप्पाला वर बघत चालायची खोड आहे. त्यामुळे भालकीजवळच्या आमच्या मेहकरच्या शिवारात त्याला ठेच लागली नाही असा दगड शोधावा लागेल. त्याचा बाप मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचा, आणि संध्याकाळी मेंढरांभोवती वाघुरीची जाळी लावून झाली की पोराला आभाळ शिकवायचा. हे म्हातारीचं बाजलं, हे ते पळवणारे तीन चोर, हा मृग. पुढं मेंढरं गेली, तीन एकर रान आलं, पिराप्पा तूर-सोयाबीन करायला लागला, पण मान काही खाली आली नाही. आज साठी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या, कमरेला भंडाऱ्याचा बटवा मात्र तोच. त्याच्या बांधाला माझा बांध लागून आहे. म्हणून ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, आणि तिच्यात मी त्याला एक वाईट सल्लाही दिला. तेही सांगतो, लपवण्यात काय अर्थ?

गेल्या साली पौषातली सकाळ होती. तूर काढायला आलेली, धुकं जमिनीवर अंग टाकून पडलेलं. मी विहिरीवर मोटार चालू करायला गेलो, तर वरून एक तांबडी-पांढरी छत्री खाली येत होती. केवढी मोठी, आणि आवाज म्हणून नाही. छत्रीखाली जीपएवढा लोखंडी सांगाडा लोंबत होता. ती इतक्या सावकाश उतरत होती की धुकंच तिला अलगद खाली घेतंय असं वाटावं. मी घाबरून विहिरीच्या कठड्यामागं बसलो. पिराप्पा मात्र लेक माहेरी आल्यावर वेशीपर्यंत सामोरं जावं तसा तुरीतून चालत निघाला.

सांगाडा त्याच्या रानात थोडा कलून टेकला. मधे एक जाड नळकांडं होतं, तोंड आभाळाकडं, आणि आत खोल तळाशी हातभर रुंद गोल आरसा. त्यात वरचं निळं आभाळ जसंच्या तसं पडलं होतं. आमच्याकडं नवं काही शिवारात आलं, पहिलं कोकरू असो की नवा ट्रॅक्टर, की त्यावर चिमूटभर भंडारा टाकायची रीत आहे. हे तर थेट वरून आलेलं. पिराप्पानं चिमूट नाही, मूठ भरली आणि "येळकोट येळकोट!" म्हणत नळकांड्यात उधळली. आरशावर दव होतं. हळद जिथल्या तिथं बसली.

सांगाड्याला तीन भाषांत छापलेला कागद होता, हात लावू नका, पोलिसांना कळवा म्हणून. पिराप्पाला वाचता येत नाही आणि मला येतं, पण मी तर कठड्यामागं होतो. शेवटी बाहेर येऊन, कागद वाचून मीच फोन केला. दोन-तीन तासांत पोलीस आले, मागून हैदराबादच्या संशोधन संस्थेची गाडी आली. माणसांनी आत न डोकावताच घाईघाईनं नळकांड्याच्या तोंडाला ताडपत्री बांधली. त्यांच्यात पल्लवी नावाची एक बाई होती, बसवकल्याणची, त्यामुळे मराठी बोलणारी. जमलेल्या लोकांना तिनं समजावलं, की ही दुर्बीण आहे. मोठ्या फुग्याला बांधून ती रात्री सोडतात, ढगांच्या कितीतरी वर, तीस किलोमीटरवर जाते आणि तिथून लांबचे तारे बघते, आणि काम झालं की फुग्यापासून सुटून छत्रीनं खाली उतरते.

हवालदारानं दरडावून विचारलं, "कुनी हात लावला का?"

पिराप्पानं तोंड उघडलं. मी त्याचं कोपर दाबलं आणि कानात म्हणालो, "हात तर लावला न्हाईस ना? मग गप बस."

"हात न्हाई लावला," पिराप्पा म्हणाला. आवाज त्याचा वाटला नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण पल्लवी पुढं म्हणाली, "बरं झालं. ह्या आरशावर बोटाचा ठसा उमटला तरी काम बिघडतं. पुढच्या हिवाळ्यात ह्योच आरसा परत वर जायचाय."

त्या दिवसापासून पिराप्पानं वर बघणं सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो खाली मान घालून चालू लागला. भाकरी अर्धी टाकायचा. मी म्हणालो, अरे, मोठी संस्था आहे, पुसून घेतील. तो म्हणाला, "डोळ्यात कुसळ गेलं तर मानूस तडफडतंय. म्या मूठभर हळद टाकलो. त्यो डोळा माझ्यामुळं आंधळा झाला तर?" त्याच्या बायकोनं, नागूबाईनं, दहा दिवस हे बघितलं आणि अकराव्या दिवशी चार भाकऱ्या फडक्यात बांधल्या. "हितं कुढत बसण्यापेक्षा जाऊन सांगा की," ती म्हणाली. "कामून भ्यायलाव? खाऊन तर टाकायचे न्हाईत." मग माझ्याकडं वळून, "आन् तुमीबी जावा संगं. गप बस म्हनलेलं तुमीच ना?" चोराच्या मनात चांदणं. मी निमूट चप्पल घातली.

भालकीहून रेल्वेनं हैदराबाद गाठलं. कागदावरचा पत्ता मी लिहून ठेवला होता. फाटकावरचा पहारेकरी आत सोडेना. काय काम आहे, कुणाची ओळख आहे, असं त्याचं चाललेलं. मी काहीतरी थाप मारणार, तोच पिराप्पानं हात जोडले. "साब, तुमारी दुर्बीन की आंख में हल्दी मैंच डाल्या."

पहारेकऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं, मग फोन उचलला. पल्लवी अक्षरशः पळत आली.

आतल्या खोलीत, पांढऱ्या चादरीवर तो आरसा ठेवला होता. त्यावर पिवळे डाग. ते बघून पिराप्पा दारातच थांबला. पल्लवीनं त्याला खुर्चीवर बसवलं. "अप्पा, दहा दिवस आमी डोकं धरून बसलाव," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटलं आरशाचा मुलामाच खराब होऊन पिवळा पडायलाय. उद्या ह्याला काढून टाकायचं ठरलंय. नवा करायला दोन वर्सं गेली असती." मग ती एकदम गंभीर झाली. "खरं सांगा, भंडाऱ्यात केमिकलचा रंग हाय का? बाजारच्या पुडीत काहीबी मिसळतेत. तसला रंग असला तर मुलामा खाल्ला असंल त्यानं."

पिराप्पानं कमरेचा बटवा सोडला, चिमूट घेऊन जिभेवर ठेवली आणि तोंड तसंच उघडं ठेवलं, तिनं नीट बघावं म्हणून. "घरची हळद हाय, माय. नागूबाईनं जात्यावर दळलेली. तसला रंग असता तर जीभ पोळली असती."

मग तिनं शुद्ध पाण्याची बारीक धार आरशाच्या एका कडेला सोडली. हात न लावता. पिवळं पाणी ओघळून गेलं. खालून एवढासा कोपरा लख्ख निघाला, आणि त्या कोपऱ्यात पिराप्पाचा एक डोळा दिसला, भरलेला. तो तिथंच खुर्चीत रडला, लहान मुलासारखा, मोठ्यानं. मला माझ्या गप बसची इतकी लाज वाटली की मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो.

निघण्याआधी पल्लवीनं एक चित्र दाखवलं. आमच्या शिवारात उतरण्याआधी, त्याच रात्री त्या डोळ्यानं पाहिलेलं. काळ्यावर तांबूस, मधे पिवळसर, धुराच्या लोटासारखं काहीतरी. "हे मृगातलं," ती म्हणाली. "धुळीचा ढग हाय. आत तारे जन्मायलेत. साध्या डोळ्याला धुळीच्या आतलं दिसत न्हाई, म्हणून ही दुर्बीण त्येची ऊब बघती. हा उजेड तिथनं निघाला त्येला तेराशे वर्सं झाली, तवा आमच्या कल्याणात बसवण्णाबी यायचे होते."

मृग म्हटल्यावर पिराप्पा पुढं वाकला. बराच वेळ बघत राहिला. "थंडीत मेंढी रानात व्यायची," तो हळूच म्हणाला. "अंधारात कोकरू दिसायचं न्हाई. पर हात जवळ न्हेला की ऊब लागायची. बाप म्हनायचा, डोळ्यानं नको हुडकू, हातानं हुडक. तसंच का हे?"

पल्लवी चित्राकडं अशी बघू लागली, जणू ते तिला आजच मिळालं होतं. मग म्हणाली, "तसंच, अप्पा. अगदी तसंच."

या हिवाळ्यात तिचा फोन आला. तोच आरसा, पुन्हा वर. भल्या पहाटे आम्ही तिघं पिराप्पाच्या रानात उभे राहिलो. पूर्व नुकती फटफटत होती, खाली शिवार अजून झोपेत होतं, पण तिथं वर सूर्य पोचला होता. फिकट आभाळात तो फुगा, एक पांढरा ठिपका, चमकत होता. आवाज नाही, हालचाल नाही. शुक्र समजून सोडून दिला असता, असा. पिराप्पाची मान वर होती, पूर्वीसारखी, आणि ओठ पुटपुटत होते.

नागूबाईनं पदर सावरला. "एवढ्या वरनं आपल्याला बघायलाय का वो त्यो?"

"न्हाई," पिराप्पा म्हणाला. "म्या सांगितलो त्याला. आमी हिथं सुखात हाव, तू लांबची लेकरं बघ."