लाखेतला जबडा

दामू सोनार गेल्याची बातमी मला ठाण्याच्या कचेरीत, एका अर्जाचा मसुदा लिहिताना कळली. कल्याणहून त्याचा मेव्हणा आला होता. "आबासाहेब, आमचे भावोजी गेले," तो दारातूनच म्हणाला. मी हातातलं वाक्य पुरं केलं आणि मग उठलो. सांगायला लाज वाटते, पण माझा हात असाच आहे... लिहिताना थांबत नाही.

आम्ही दोघे कोपरीचे, एकाच पंतोजींच्या छड्या खाल्लेले. मी इंग्रजी शिकून कारकून झालो, दामू वडिलांच्या शेगडीशी बसला. खाडीकाठच्या बंगल्यात तेव्हा एक साहेब राहत असे. सिंधच्या डोंगरांतून तो दगड झालेली हाडं पेट्या भरभरून मागवी. ती दगडातून सोडवायला हलका हात हवा होता. दामूचं नाव मीच सुचवलं. झालं! हाडांना लागलेली हत्यारं मंगळसूत्राला कशी लावायची, म्हणून गावाने त्याच्याकडे सोनं देणं बंद केलं. दामू हसायचा. "हे जनावर मेलं तेव्हा तुमचं गावसुद्धा नव्हतं. सुतक कुणाला रे?"

एकदा एका मांसाहारी जनावराचा खालचा जबडा आला. दामूने दगड सुईने कोरला, आणि निखळलेले दात जसे होते तसे लाखेने बसवले. साहेब बघून भडकलाच. कुत्र्या-लांडग्यांचा मांस कापायचा मोठा कातरदात मधे असतो, त्याच्या मागे दोन बारके. इथे कातरीसारखे तीन दात ओळीने, आणि सर्वांत मोठा अगदी शेवटी. "गाढवा, उलटे लावलेस!" साहेब ओरडला. दुभाषा मीच होतो. दामू म्हणाला, "सांग त्यांना, दगडात ते याच ओळीने होते. मी पाहिलेत. हे कुत्रं नाहीच आबा, त्याच्याही आधीचं कुणीतरी आहे." मी अर्धंच सांगितलं. उरलेलं सांगायची छाती झाली नाही. दात काढून पुन्हा लाव, असा हुकूम सुटला. दामूने ऐकलं नाही आणि त्याच दिवशी घरी बसला.

पण त्याच्याकडे पुरावा होता. जुना दागिना मोडण्याआधी सोनार त्याचा ठसा घेऊन ठेवतो, पुढे गिऱ्हाइकाने भांडू नये म्हणून. जबडा दगडात होता तेव्हाच दामूने त्याचा लाखेवर ठसा घेतला होता. दातांभोवतीच्या दगडाच्या भेगाही त्यात उमटल्या होत्या. तो माझ्या हातात देत म्हणाला, "एवढा दाखव. तुझ्यापाशी इंग्रजी आहे, मला नुसते डोळे."

मी दाखवला नाही. साहेबाला खोटं पाडलं तर माझीही नोकरी जाईल, असं भय वाटलं. मी शहाणपणा केला... त्याला परत कामावर घ्यावं म्हणून दामूच्या नावाने इंग्रजीत माफीपत्र लिहिलं: चूक माझी, दात मीच उलटे लावले. त्याला म्हटलं, यात ठशाचीच हकीकत आहे. त्याने विश्वासाने मोडीत सही केली. साहेबाने पत्र ठेवून घेतलं, दामूला घेतलं नाही. दात दुसऱ्याकडून हवे तसे लावून जबडा विलायतेला गेला. दामू कल्याणला जाऊन फुटक्या भांड्यांना डाग देत बसला.

काही वर्षांनी त्याच डोंगरातून न फुटलेला जबडा निघाला. मोठा दात शेवटी! साहेबाने आपला छापील निबंध मला कौतुकाने दाखवला. कुत्र्या-मांजरांहून जुनं मांसाहाऱ्यांचं कुळ, त्यांची कातर जबड्याच्या मागच्या टोकाला. खाली बारीक टीप होती. पहिल्या जबड्यातली चूक एका देशी कारागिराची. ती त्याने लेखी कबूल केली आहे. ती कबुली मी लिहिलेली होती. पुढे दामूने एकदाच विचारलं, "ठसा बघून काय म्हणाला रे साहेब?" मी म्हटलं, "हसला." तो म्हणाला, "हसेना का. पाहिला तर खरा."

तेराव्याला त्याची बायको म्हणाली, "भावजी, तो ठसा साहेबांनी जपला असेल, नाही का? हे सगळ्यांना तसंच सांगत असत." मी होकारार्थी मान हलवली. ठसा माझ्या खणात आहे. उन्हाळ्यांनी लाख मऊ होऊन बसत चालली आहे, तरी तिन्ही खळगे बोटाला लागतात, शेवटचा सर्वांत खोल.

मी लिहीत असलेला हा लेख छापून आला की ठसा घेऊन कल्याणला जाणार आहे. वहिनींना वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावा लागेल, आणि या खेपेला अर्धा नाही.