आधी सरकार, मग मामा

मी दिल्लीत नेमकं काय करत होते, हे मला माझ्या नातींना आजही धड सांगता येत नाही. परराष्ट्र खात्यात सल्लागार, म्हणजे काय? तर मोठी माणसं दुसऱ्या देशांशी बोलायला जायची, त्याआधी त्यांनी काय बोलावं आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, हे मी लिहून द्यायची. ती माणसं जायची आणि बरोबर तेच बोलून यायची. मग ते कसं सावरायचं, हेही मीच लिहून द्यायची. सगळी नोकरी अशी गेली. पेन्शन चांगली आहे.

पण ही नोकरी अगदी सुरुवातीलाच हातची जायची होती. ती वाचली पेणला, मामाच्या पोह्याच्या गिरणीत.

त्या वेळची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. कडक इस्त्रीची सुती साडी, पिनेनं टाचलेला पदर आणि चेहरा असा, की हिमालयाची राखण जणू हिच्याकडेच दिली आहे. आई-वडील लहानपणीच गेले, मला मामा-मामीनं वाढवलं. भट्टीत भाजलेल्या भाताच्या वासात मी अभ्यास केला, कोंड्यानं माझी पुस्तकं पिवळी पडायची. दिल्लीत मात्र मी हे कुणाला सांगत नसे. ‘आमचा छोटासा कारखाना आहे,’ असं म्हणत असे ती बया!

त्या दिवसांत एका लहानशा शेजारी देशाशी आपलं काही बिनसलं होतं, त्यावर मी पहिलंच मोठं टिपण लिहिलं. त्यातला मुद्दा एकच. लहान शेजाऱ्याला कुठलीही बातमी तिसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नये. त्याला आधी सांगावं, आणि तेही विचारल्यासारखं सांगावं. रुसवा निम्मा तिथंच संपतो. वरिष्ठांनी समासात ‘उत्तम’ असं लिहिलं. मी आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

त्याच सुमारास मी लग्नासाठी अर्ज केला. मामाकडे नव्हे, सरकारकडे. तेव्हा नियमच असा होता की आमच्या सेवेतल्या बाईला लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी लागे. वर आणखी एक मेख होती. लग्नानंतर संसारामुळे कामात अडथळा येतोय असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येई. पुरुषांना यातलं काही नव्हतं. त्यांचे संसार बहुधा आपोआप चालायचे.

मुलगा रोह्याचा. कॉलेजात माझ्या वर्गात होता, आता रोह्याच्या शाळेत इतिहास शिकवत होता. त्यानं पत्रात विचारलं, ‘तुझ्या मामांना कधी भेटू?’ मी उलट टपाली कळवलं, ‘आधी परवानगी येऊ दे. त्यांना उगाच घोर कशाला?’ शेजाऱ्यांचे रुसवे काढणारी बाई ती! तिला कोण शिकवणार?

सरकारची रीत अशी की परवानगीआधी घरची चौकशी व्हायची. माझा कायमचा पत्ता गिरणीचा. तेव्हा एके सकाळी पेणच्या ठाण्यातून एक हवालदार गिरणीत आला. पुढचं मला मामीनं सांगितलं, आणि दर वेळी थोडं वाढवून सांगितलं.

“शेठ,” हवालदार म्हणाला, “तुमच्या भाचीचं लग्न ठरलंय ना, त्या रोह्याच्या मास्तरबद्दल इचारायचं हाय. घरची मानसं कशी हायत?”

मामा पोहे पाखडत होता. सूप हातातच राहिलं. “कुनाचं लग्न?”

“भाचीचं तुमच्या.”

“कुनी ठरवलं?”

“तसं काय नाय, दिल्लीवरनं कागद आलाय.”

“मंग दिल्लीलाच इचारा. मला काय ठाऊक नाय.”

हवालदारानं चहा घेतला आणि मामा जे बोलला ते जसंच्या तसं लिहून नेलं.

दिल्लीत मला बोलावणं आलं. साहेब सभ्य होते, आवाज चढवायचे नाहीत. म्हणाले, “तुमच्या घरच्यांना या लग्नाची माहितीच नाही, असं दिसतंय. हे आधी मिटवा. नाहीतर परवानगीचा विचार करता येणार नाही, आणि परवानगीवाचून लग्न केलंत तर नोकरी राहणार नाही.” म्हणजे मास्तर तरी सोडा, नाहीतर दिल्ली तरी सोडा. मला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही आता मामाच्या हातात होतं.

मी रजा काढून आले. पेणच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा डोक्यात भाषण तयार होतं, येताना गाडीत दोनदा म्हणूनही झालं होतं. गिरणीत शिरले. मामानं मान वर केली नाही. मामी म्हणाली, “बस गो, राजदूत. चा ठेवते.”

मी उभ्यानंच सुरू केलं. “मामा, आपल्यात जो काही गैरसमज निर्माण झालेला आहे, तो दोन्ही बाजूंनी सामोपचारानं…”

“कुनाशी बोलतेस गो?” मामी चुलीपाशी वळून म्हणाली. “हितं कोन परदेशी बसलाय?”

मामा गिरणीच्या चाकात तेल सोडत होता. तेलाची बुधली खाली ठेवून म्हणाला, “सरकार काय तुझा मामा हाय?”

“तसा नियम आहे, मामा.”

“असंल. आमच्यात पोरीला मांडवात मामा आनतो. मागं मामा उभा ऱ्हातो. आता सरकारला उभं कर. मांडव तेवढा मोठा घाल, मावलं पायजे.”

मामीला हसू आवरेना. मला रडू आवरेना, पण मी ते आवरलं, कारण माझा चेहरा हिमालयाच्या राखणीचा होता. मग माफी मागितली. मामा म्हणाला, “माफी कशाला? इचार.”

“काय विचारू? तुम्हाला सगळं कळलंच आहे की.”

“हवालदारानं सांगितलं म्हनून कळलं. तू कुठं इचारलंस? इचार.”

मामी पुटपुटली, “बाहेर जा नि परत ये गो. त्याला तसंच पायजे.”

आणि मी गेले! चपला घातल्या, रस्त्यावर गेले. समोरचा सायकलवाला बघत होता. माझं टिपण आठवलं, ‘उत्तम’ आठवलं, आणि आपण किती गाढव आहोत हे पेणच्या भर रस्त्यात नीट समजलं. परत आत आले. भाषणातलं एक वाक्य शिल्लक नव्हतं.

“मामा, रोह्याला एक मुलगा आहे. मला त्याच्याशी लग्न करायचंय. करू का?”

मामानं हात पुसले. म्हणाला, “बघून सांगतो.”

आमच्या खात्यात ‘बघून सांगतो’ म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी मामीवर सोपवून मामा सकाळच्या एसटीनं निघून गेला, कुठे ते सांगितलं नाही. संध्याकाळी परतला तो गोणपाटाच्या पिशवीत वाल घेऊन.

“रोह्याला गेला होतात?” मी म्हटलं. “काय म्हणाला तो?”

“त्याच्याशी कशाला बोलू? शाळेभायेर उभा ऱ्हायलो. वर्गातली पोरं हसत व्हती. छडी दिसली नाय. मंग त्याच्या आयशीकडं गेलो. म्हटलं, वाल इकायचे हायत का? तिनं मापून दिले नि वरनं आनखी मूठभर टाकले. मी मागितले नव्हते.”

“आनि तुमी इकत घेतले?” मामीनं विचारलं. घरातले वाल अजून कणगीत तसेच होते.

“मंग काय, चौकशी करून हात हालवत येऊ?” मामा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “कर.”

सकाळी तो स्वतः ठाण्यात गेला. ठाण्याची पायरी तो आयुष्यात पहिल्यांदाच चढत होता. हवालदार म्हणाला, “आता ठाऊक हाय का, शेठ?” मामा म्हणाला, “व्हय. आता मला इचारलंय. लिव्हून घ्या.”

परवानगी आली, शेपटाला ती राजीनाम्याची मेख घेऊनच आली. मामानं मला ती दोनदा वाचायला लावली. “पुरुषांना हाय का असं?” म्हणाला. मी नाही म्हटलं. त्यानं कागद घडी घालून परत दिला, पण रोह्याला बैठकीला गेलो तेव्हा कळलं की हे त्यानं मनात धरून ठेवलं होतं.

दारातच मुलाची आई थबकली. “अगो बाय! हे तर वालवाले!” मास्तर लाल झाला. तो तसा नंतरही दर वेळी व्हायचा, मामासमोर. देण्याघेण्याचं बोलणं निघालं तेव्हा मामा म्हणाला, “आमचं मागनं एकच. हिचं काम कधी अडलं, तर ते तुमच्या घरापायी अडू नये.”

मुलाची आई म्हणाली, “आमच्या घरापायी कशाला अडंल? सरकारला काय आमचं घर ठाऊक हाय?” आणि सुपारी फुटली.

तिनं शब्द पाळला. मुलं तिनं वाढवली, मास्तरनं माझ्यामागं परदेशी फिरून परक्या चुलींवर वालाच्या डाळिंब्या शिजवल्या, आणि सरकारला माझा राजीनामा मागायला कधी कारण मिळालं नाही. मी आपली सल्ले देत राहिले. खरं सांगायचं तर सल्ला एकच होता, फक्त देश बदलायचे. आधी सांगा, विचारल्यासारखं सांगा. तरुण अधिकारी माझ्यामागे हसायचे. माझी पहिली ओळ त्यांना पाठ झाली होती.

पुढे केस पिकल्यावर मला सगळ्यात वरच्या सल्लागाराची जागा मिळाली. मी पेणला जाऊन सांगायच्या आतच ते वर्तमानपत्रात छापून आलं. त्याच दिवशी विमानानं मुंबईला उतरले आणि गाडी घेऊन पेणला गेले. मामा खूप थकला होता, गिरणीच्या दारात बाकावर बसून असायचा. मांडीखाली त्या दिवसाचा पेपर दडपलेला. एका कडेनं माझा फोटो अर्धा बाहेर आला होता, एक डोळा आणि एक कान.

“मामा,” मी म्हटलं, “बातमी…”

“कसली बातमी? मला काय ठाऊक नाय.”

मी मागे फिरले. ड्रायव्हरला वाटलं बाई निघाल्या, त्यानं दार उघडलं. त्याला हातानं थांब म्हटलं, रस्त्यावर जरा उभी राहिले आणि परत आत आले.

“मामा, दिल्लीला मला एक मोठं काम देतायत. घेऊ का?”

मामानं बाकावर सरकून मला जागा केली. “बघून सांगतो,” म्हणाला.

आतून मामी ओरडली, “घे गो! सकाळपासून सगळ्या आळीला सांगून आलाय तो!”