एका बाहीचा स्वेटर

शांत नवरा मिळाला म्हणून बाया माझा हेवा करायच्या. त्यांनी चार दिवस त्या शांतपणासोबत राहून बघायला हवं होतं. भांडायलासुद्धा दोन माणसं लागतात, आणि आमच्या घरात त्यातलं एक कायम खाली मान घालून टाके मोजत बसलेलं असायचं.

हे धाराशिवला सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मास्तर होते. निजामाचं राज्य, त्यामुळं दिवसभर पोरांना उर्दूतून हिशेब शिकवायचे. पण जात धनगराची. घरी आले की टोपी खुंटीला आणि हातात लोकर कातायची चाती. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. माझे वडीलही मेंढरांमागं चालता चालता चाती फिरवायचे. पण आबांचं सूत सनगराकडं जायचं आणि घोंगडं होऊन परत यायचं. आमच्या घरातलं सूत कुठं जायचं नाही. ते कोनाड्यात, पाटावर, तांदळाच्या डब्यावर गुंडे होऊन बसायचं.

सुया घरात आणल्या त्या मी. हेडमास्तरसाहेब हैदराबादचे. त्यांच्या बेगमसाहेब परद्यात असत आणि दिवस जात नाही म्हणून स्वेटर विणत. दुपारी मी त्यांच्याकडं शिकायला जाऊ लागले. हात सैल सोड, असं त्या रोज सांगायच्या आणि माझा हात काही सैल होत नव्हता. एका संध्याकाळी मी ह्यांना सहज दाखवलं, की असा धागा घ्यायचा, असा ओढायचा. ह्यांनी सुया हातात घेतल्या त्या घेतल्याच. शिकायला मी गेले आणि विणायला हे बसले. चुलीवर दूध उतू चाललंय म्हणून मी परसातून ओरडावं, तर हे म्हणणार, एवढी ओळ होऊ दे.

नुसतं विणलं असतं तरी मी सोसलं असतं. हे उसवायचे. हातभर विणून झालं की ते उजेडात धरायचं, खाली कुठंतरी एक टाका उलटा पडलेला सापडायचा, की सर्रकन सगळं उसवून मोकळे. कोण बघतंय तो टाका, असं मी विचारायचे. मी बघितला ना, असं हे म्हणायचे.

लढाईची वर्षं होती. कापड कंट्रोलवर मिळायचं, तेही मिळालं तर. त्या वर्षी भादव्यात माझा भाऊ लोकरीचं गाठोडं घेऊन आला. आबांनी लेकीच्या घरी धाडली होती, कातरणीतली निवडक, काळीभोर. पाणी पिता पिता भावानं सांगितलं की आबांचा खोकला छातीत उतरलाय. मेंढरं खतासाठी लोकांच्या शेतात बसवायची म्हणजे रात्र उघड्यावरच जाणार, आणि घरी येऊन झोपा म्हटलं तर आबा ऐकत नाहीत. खोकल्याची ढास लागली की अंगावरचं घोंगडं घसरतं आणि छाती उघडी पडते.

भाऊ गेल्यावर मी गाठोडं ह्यांच्यापुढं ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं, "आबांना स्वेटर करा. छाती झाकंल असा. दसऱ्याच्या आत. हा हिवाळा त्यांना उघड्या छातीनं निघायचा न्हाय."

हे म्हणाले, "करतो की." ह्यांचं 'करतो की' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

दसरा आला. दसऱ्याला देवापुढं भंडारा आणि लोकर उधळायची आमची रीत. मी मूठभर लोकर मागितली, तर हे गाठोड्यातली भरड, काड्याकुड्यांची लोकर वेचत बसले. चांगली आबांच्या स्वेटरला ठेवायची म्हणे. बरं, स्वेटर कुठं होता? सुईवर चार ओळी. पाठ होत आली होती, ती घटस्थापनेलाच उसवली होती. देवाला भरड, बापाला चार ओळी, आणि मला ह्यांचं तोंड. सोनं द्यायला आलेल्या बायांसमोर मी हसत होते, पण आतून नुसती धुमसत होते.

कोजागिरीला पाठ पुन्हा झाली. आठवडाभरात पुन्हा उसवली. गळा आबांच्या मानेला काचेल असं ह्यांना वाटलं. मी म्हटलं, आबांची मान तुम्ही मोजली कधी? तर म्हणाले, म्हणूनच. मी त्या दिवशी भाकरी इतक्या जोरात थापल्या की शेजारीण विचारायला आली. पहाटे अंगणात गारवा जाणवू लागला होता, आणि गारवा जाणवला की मला आबांची ढास ऐकू आल्यासारखं व्हायचं. ह्यांना टाके ऐकू यायचे.

नरकचतुर्दशीला पाठ, पोट आणि एक बाही एवढं झालं होतं. आंघोळ करून, अंगाला उटण्याचा वास घेऊन हे पुन्हा ते उजेडात धरून बघू लागले. मी ओल्या केसांनी गेले, हातातून ओढून घेतलं, सुटे टाके दोऱ्यात ओवून गाठ मारली आणि माहेरी न्यायच्या फराळाच्या गाठोड्यात कोंबलं. ह्यांनी विरोध केला नाही. फक्त उरलेल्या लोकरीचा गुंडा आणि सुया पिशवीत टाकल्या आणि मोटारीत बसले.

आबांचा कळप तेव्हा तेरखेड्याच्या अलीकडं एका शेतात बसला होता. पाडव्याला आमच्यात मेंढरांची पूजा असते. मेंढरं धुऊन त्यांच्या पाठीवर गेरूचे पट्टे ओढतात, आणि मेंढरांच्या वाड्यापुढं गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवून ते मुद्दाम उतू घालवतात. ज्या दिशेला दूध सांडेल, तिकडं त्या वर्षी चारा चांगला. सगळे बोळक्याकडं डोळे लावून बसले होते. मी मात्र आबांकडं बघत होते. दोन महिन्यांत निम्मे झाले होते. मी स्वेटर काढला आणि त्यांच्या डोक्यातून घातला. डावा हात बाहीत गेला. उजवा बाहेर राहिला.

लाजेनं माझं तोंड तापलं. हे तोवर सुया काढून पुढं सरकले होते. "आबा, काढा जरा. उद्यापरवात बाही करून देतो."

आबांनी छातीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ द्या मास्तर. लई झ्याक झालंय. ह्यो काठीचा हात हाय, त्यो मोकळाच बरा."

"पर दंडाला गार लागंल," हे म्हणाले.

"आता कशाला काढायला लावता? ऊब लागाय लागलीय."

एवढ्यात दूध उगवतीकडं उतू गेलं आणि सगळ्यांनी भंडारा उधळला. आबांनी स्वेटर काढला नाही. भाऊबीज करून आम्ही निघालो तेव्हाही अंगात तोच होता. काठी धरलेला उघडा हात वर करून ते बांधावर उभे होते. वाटेत मी ह्यांना भरपूर बोलून घेतलं. ह्यांनी पिशवीतला गुंडा तेवढा दोनदा चाचपला.

आबा माघात गेले. भाऊ म्हणाला, खोकला होता, पण छाती उघडी पडली नाही. स्वेटर त्यानं माझ्याकडं दिला. पुढं उन्हाळ्यात त्यानं आबांची मेंढरं उगवतीकडंच नेली.

आबांचे दिवस करून घरी आल्यावर मी तो स्वेटर पेटीत ठेवला होता. काही दिवसांनी बघते तर हे ओसरीत बसून तीच दुसरी बाही विणतायत. दिवाळीआधी मी ज्या बाहीसाठी जीव काढला, ती आता भराभर होत होती. एकदाही उजेडात धरली नाही, एकदाही उसवली नाही. माझ्या अंगाची लाही झाली. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण ह्यांच्यासाठीच कुणीतरी करून ठेवली असावी. मी म्हटलं, "आता कुणाला घालणार हाय ते?"

ह्यांनी मान वर केली नाही. शेवटचा टाका काढला, दोरा तोडला, आणि म्हणाले, "आबांचा एक हात उघडाच गेला गं."

मी स्वेटर ह्यांच्या हातातून घेतला आणि आत नेला.

दुसऱ्या दिवशी हे शाळेतून आले तेव्हा मी उंबऱ्यात स्वेटर मांडीवर घेऊन बसले होते. मी बाहीचं टोक शोधलं, गाठ सोडली आणि उसवायला लागले. आबांनी घातला तसाच तो मला हवा होता. मला वाटलं, हे काहीतरी म्हणतील. ह्यांनी टोपी खुंटीला अडकवली, माझ्यासमोर बसले आणि सुटलेला धागा बोटांवर घेऊन गुंडा करायला लागले. बाही खांद्यापर्यंत सुटत आली, आणि मी बारकाईनं बघत होते. त्यात एकही टाका चुकलेला नव्हता.