शिकारीच्या फोटोतले पणजोबा

कोल्हापुरात पाहुणा आला की देवीचं दर्शन, झणझणीत मिसळ आणि राजवाड्यातलं म्युझियम यातून त्याची सुटका नसते. मिसळ पोट बिघडल्याचं सांगून टाळता येते. म्युझियम टाळायला असा कुठला आजार अजून निघालेला नाही.

माझं लग्न ठरत आलं होतं तेव्हा जयसिंगपूरची मंडळी आमच्याकडे आली. मुलगा मला आवडला होता, हे सांगूनच टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा जीव अडकला होता. पोहे झाले, पत्रिका जुळली, होकार तेवढा राहिला. तो मिळवायला आबा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांना राजवाड्यात घेऊन गेले. तिथे त्यांचा हुकमाचा एक्का होता: शिकारीचा एक जुना फोटो, आणि त्यात फेटा बांधून, बंदूक धरून उभे असलेले आबांचे आजोबा. फोटोखाली कुणाचंच नाव नाही, त्यामुळे पुराव्याची अडचण आम्हाला कधी आली नाही. तसं म्हटलं तर आमच्या गावात प्रत्येकाच्या घरचा कुणीतरी राजवाड्यात होताच. एवढी सगळी माणसं खरंच तिथे असती, तर महाराजांना उभं राहायला जागा उरली नसती.

तलवारींच्या दालनात सगळ्यांनी माना डोलावल्या. पेंढा भरलेल्या वाघापाशी मुलाच्या आईने आधी वाघाचे दात नीट पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. कसली तुलना चालली होती, देव जाणे.

मग फोटो आला. आबांनी घसा साफ केला. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी काचेवर बोट टेकवलं.

"ह्यो फेटेवाला बघा, पावणं. माझा आज्जा. माझ्या बानं दावलाय मला."

मी मनातल्या मनात हिशोब केला. दोघेही खरं बोलत असतील तर मुलगा आणि मी एकाच पणजोबांची पतवंडं, म्हणजे नात्याने बहीणभाऊ. एकजण खोटा असेल तर भरल्या म्युझियममध्ये भांडण. लग्न दोन्हीकडून मोडत होतं आणि फेटेवाले गृहस्थ बंदूक टेकवून मजा बघत होते.

आबांचा स्वभाव सांगायलाच हवा. शेताच्या बांधावरून ते सख्ख्या भावाशी बोलणं टाकून बसले होते. हा तर आजोबांचा प्रश्न. आईने डोळे मिटून घेतले. मुलगा माझ्याकडे बघत होता, आणि तोही घाबरलेला आहे हे पाहून मला त्या अवस्थेतही बरं वाटलं.

आबा फोटोकडे बराच वेळ बघत राहिले.

"व्हय की, रुबाबदार हाय माणूस," ते म्हणाले. मग बोट सरकवत सरकवत फोटोच्या कडेला नेलं. "आमचा ह्यो. घोड्याचा लगाम धरलेला. त्वांड दिसत न्हाय त्याचं."

मुलाचे वडील एकदम खुलले. चेहराच नसलेल्या त्या माणसाचं त्यांनी भरभरून कौतुक केलं. घोडा काय आवरलाय म्हणाले, असली माणसं आता मिळत नाहीत म्हणाले. बाहेर चपला घालता घालताच त्यांनी होकार देऊन टाकला.

परतताना रिक्षात आई कार्यालयांची नावं घेत होती. न राहवून मी आबांना विचारलं, मग तो फेटेवाला नक्की कुणाचा?

"आपलाच हाय. त्यात बदल न्हाय," आबा बाहेर बघत म्हणाले. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "हुंडा नगं म्हणालेत ती माणसं. माझा आज्जा दिला त्यास्नी."