फ्लेक्सवाल्या अक्कांचा टीव्ही

पारोळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका अक्कांचं फ्लेक्सचं दुकान आहे. पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करून देताना कुणी "अजून गोरे" म्हटलं, की मान न वळवता त्या "हां भाऊ" म्हणतात. काउंटरवरच्या टीव्हीवर मात्र त्यांनी स्वतः बनवलेला व्हिडिओ दिवसभर चालतो. त्यात नगरसेवक जोशात भाषण करतो, पण आवाज येतो तो आमच्या कोरड्या नळाच्या फुसफुशीचा.

परवा त्याच नगरसेवकाचा माणूस वाढदिवसाचा बॅनर सांगायला आला आणि टीव्ही बघून भडकला. "हे आधी बंद करा!"

"नळले पानी येऊ द्या भाऊ, मंग बंद करसू."

अक्कांनी उठून टीव्ही रस्त्याकडे फिरवला, आवाज वाढवला. मग माऊसवर हात ठेवून विचारलं, "आते सांगा, साहेबना फोटो कितला मोठा करू?"